बाराव्या आठवड्यात नाळेत पाणगाठ दिसली, आता पुढे काय?

प्रश्न : मॅडम, माझं वय 26. पहिलंच बाळंतपण आहे. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, शाळेत शिकवते. 12 आठवडे 4 दिवसांना एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलंय : ‘नाळेत बाळाच्या बाजूला 6 मिमीची एक सिस्ट, कलर डॉपलरवर प्रवाह नाही. एनटी 1.5 मिमी. नेझल बोन (नाकाचं हाड) दिसते. 16 ते 18 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासणी करावी.’ स्कॅन करणारे डॉक्टर ‘बघू पुढच्या वेळी’ एवढंच म्हणाले. मिस्टरांनी रात्रभर मोबाईलवर वाचलं आणि सकाळी म्हणाले, अशा वीस टक्के बाळांत दोष असतो. सासूबाई म्हणतात, ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून झालं. चुलत दीर म्हणतात, आत्ताच मोकळे व्हा, पुढे त्रास नको. मॅडम, ही गाठ कॅन्सरची असते का? मी पाण्याच्या कळशा उचलल्या, त्याने झाली का? एनआयपीटी नावाची रक्ताची तपासणी करायची तर पैशांची जुळवाजुळव करावी लागेल. घरात चोरओटी भरायचं ठरलं होतं, तेही आता करावं की थांबावं, कळत नाही. रडूच येतं.

उत्तर : आधी तुझ्या चुलत दिरांना उत्तर देते, कारण घाई त्यांनाच झाली आहे. नाही. बाराव्या आठवड्यात दिसलेल्या एका पाणगाठीवरून गर्भपाताचा विचार करायचं काहीही कारण नाही. आणि ‘पुढे त्रास नको’ म्हणणाऱ्यांना हेही सांग की वेळ हातातून निसटून चाललेली नाही. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. 24 आठवड्यांपर्यंत ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे आणि बाळात गंभीर व्यंग असणं ही त्यातलीच एक परिस्थिती. त्यानंतरही मोठं व्यंग निघालं तर मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. तू त्या वाटेने जावंस म्हणून मी हे सांगत नाहीये. आज घरात बसून कुणीही काहीही ठरवायची गरज नाही, एवढ्यासाठीच सांगतेय.

कॅन्सर? नाही. ती तुझ्या अंगात नाही, बाळाच्या अंगातही नाही, नाळेत आहे. आत पाणी आहे. तिचा पुढे कॅन्सर होत नाही आणि बाळंतपणानंतर नाळेबरोबर तीही बाहेर येते.

तू काही केलंस म्हणून झाली का, हा प्रश्न जवळपास प्रत्येक बाई विचारते, आणि बहुतेक वेळा घरात कुणीतरी आधीच त्याचं उत्तर देऊन ठेवलेलं असतं. कळशा उचलल्याने, जिने चढल्याने, हात वर करून कपडे वाळत घातल्याने नाळेत पाणगाठ होत नाही. ग्रहणाचा तर संबंधच नाही. नाळ आकार घेऊ लागते ती सहाव्या-सातव्या आठवड्याच्या आसपास. तेव्हा तू पाळी चुकली म्हणून टेस्ट केली होतीस की नव्हतीस, एवढाच तो काळ. पाणगाठीची सुरुवातही तिथलीच. त्या दिवसांत तू काय चिरलंस, काय उचललंस याने त्यात काही फरक पडलेला नाही.

आता ही आहे तरी काय ते बघू. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात : एक शीर आणि दोन धमन्या. शिरेतून वारेकडचं चांगलं रक्त बाळाकडे जातं आणि धमन्यांतून बाळाकडचं रक्त वारेकडे परत येतं. या तिघींच्या भोवती ताडगोळ्याच्या गरासारखी बुळबुळीत जेली असते. तिला व्हॉर्टन्स जेली म्हणतात, कारण थॉमस व्हॉर्टन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1656 मध्ये आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं. बाळाने नाळ वळवली, तिच्यावर लोळलं, हाताने दाबली तरी रक्तवाहिन्या चिमटत नाहीत, ते या जेलीमुळे. बऱ्याचदा या जेलीतच एखाद्या जागी पाणी साठतं आणि सोनोग्राफीत तिथे काळा गोल दिसतो. तिला स्वतःचं अस्तर नसतं, म्हणून डॉक्टर तिला खोटी सिस्ट म्हणतात.

दुसरा प्रकार खऱ्या सिस्टचा. बाळ अगदी इवलंसं असताना त्याच्या बेंबीतून नाळेत दोन बारीक नळ्या गेलेल्या असतात. एक आतड्याकडून येते, दुसरी मूत्राशयाकडून. काम संपलं की दोन्ही आपोआप बंद होतात आणि मिटून जातात. एखादीचा तुकडा उरला आणि त्यात पाणी राहिलं, तर त्याची पाणगाठ होते. म्हणून ही जात बहुतेक बाळाच्या पोटाजवळ सापडते. पण खोटीसुद्धा तिथे असू शकते आणि सोनोग्राफीत दोघी सारख्याच दिसतात. नक्की कोणती, ते बाळंतपणानंतर नाळेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तरच कळतं. तेव्हा ‘माझी खरी का खोटी?’ या प्रश्नात अडकू नकोस. आज त्याने तुझ्या तपासण्यांत काही बदल होत नाही.

पहिल्या तिमाहीत नीट बघितलं तर शंभरातल्या एक ते तीन जणींच्या नाळेत अशी पाणगाठ दिसते. ती बहुतेकदा आठव्या-नवव्या आठवड्यात सापडते आणि तिसरा महिना सरता सरता किंवा चौथ्यात विरून जाते. मशिनं इतकी चांगली झालीयेत की सहा मिलिमीटरचा ठिपकाही सुटत नाही. सासूबाईंच्या वेळी अशा किती आल्या आणि गेल्या, ते त्यांना तरी कुठे कळलं असेल!

आता मिस्टरांच्या वीस टक्क्यांकडे येते. आकडा त्यांनी मनाने काढलेला नाही, तो लिहिलेला सापडतो. प्रश्न आहे तो कुणाचा. असे आकडे मुख्यतः दोन प्रकारच्या गर्भांतून आलेत. काही अशा, की पाणगाठ दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतही टिकून होती. काही अशा, की दुसरं काहीतरी खटकलं म्हणून बाईला मोठ्या केंद्रात पाठवलं होतं आणि तिथे नाळेकडे लक्ष गेलं. अशा गटात दोष जास्त सापडणारच, कारण संशय असलेल्याच बायका तिथे पोचलेल्या असतात. तू त्या गटात नाहीस. तू ठरल्याप्रमाणे एनटी स्कॅनला गेलीस, बाकी सगळं ठीक निघालं आणि एक पाणगाठ दिसली. पहिल्या तिमाहीत एकटी पाणगाठ दिसलेल्या बायकांचा ज्यांनी अभ्यास केला, त्यांना बहुसंख्य बाळं निरोगी जन्मलेली आढळली. काळजी जास्त तिथे, जिथे पाणगाठी एकाहून अधिक होत्या किंवा चौथ्या महिन्यानंतरही गेल्या नाहीत.

नाळेतली पाणगाठ सहसा स्वतः बाळाला काही करत नाही. तिची दखल घ्यायची ती यासाठी की कधी कधी ती एकटी नसते. तिच्या सोबत बाळाच्या पोटाच्या भिंतीचा, हृदयाचा, मूत्रमार्गाचा किंवा गुणसूत्रांचा प्रश्न असू शकतो. गुणसूत्रांत मुख्यतः अठराव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनऐवजी तीन असणं, म्हणजे एडवर्ड्स सिंड्रोम. तो साधारण 5,000 ते 8,000 जन्मांमागे एकात आढळतो आणि गंभीर असतो. म्हणून पुढच्या स्कॅनला गाठ सहाची आठ मिलिमीटर झाली का, हा तुझा पहिला प्रश्न नको. तिच्याबरोबर आणखी काही दिसतंय का आणि ती अजून आहे का, हे दोन आधी विचार.

तुझ्या रिपोर्टमधल्या ओळी मी याच नजरेने वाचते. ‘एक’ लिहिलंय, ही जमेची बाजू. ‘कलर डॉपलरवर प्रवाह नाही’, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत तिच्यात रक्त वाहताना दिसलं नाही; तेव्हा ती फुगलेली शीर नाही आणि रक्तवाहिन्यांची गाठही नाही. तीही सोनोग्राफीत अशीच भासू शकते, पण तिचा रस्ता वेगळा. एनटी 1.5 आहे. बाळाच्या मानेमागचं पाणी 3.5 मिलिमीटरच्या वर गेलं की आम्ही चिंतेत पडतो, तू त्याच्या निम्म्यालाही पोचलेली नाहीस. नेझल बोन दिसते, हेही चांगलं. तू पाठवलेल्या ओळींत नाळेतल्या रक्तवाहिन्यांची संख्या नाही. शंभरातल्या एखाद्या बाळाच्या नाळेत दोनऐवजी एकच धमनी असते. ते स्वतंत्र प्रकरण आहे, पण पाणगाठ असताना दोन्ही धमन्या मोजलेल्या असाव्यात. पुढच्या वेळी विचार.

‘बाळाच्या बाजूला’ हे शब्द वाचून तू दचकली असशील. जागेवरून धोका किती, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. मी त्या शब्दांकडे बघते ते दुसऱ्या कारणाने. आठव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या आतड्याचा एक भाग नाळेच्या बुडाशी जाऊन बसतो. पोटात तेव्हा जागा नसते. साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत तो परत आत जातो. प्रत्येक बाळात होतं हे, दोष नव्हे. पण त्यामुळे बेंबीजवळच्या भागाबद्दल बाराव्या आठवड्यात छातीठोक बोलता येत नाही, अठराव्यात येतं. तुला पुन्हा बोलावण्यामागे हेही एक कारण आहे.

‘बघू पुढच्या वेळी’ म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांबद्दल दोन शब्द. सल्ला बरोबर होता. या टप्प्यावर थांबून पुन्हा बघणं हाच उपाय आहे. पण दारात उभ्या असलेल्या बाईला एवढं एक वाक्य सांगून परत पाठवू नये. दोन मिनिटं जास्त दिली असती, तर तुमच्या घरातली ती रात्र मोबाईलवर गेली नसती. रांग मोठी असते, मान्य. तरीही.

पाणगाठीवर औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. कुणी तिच्यासाठी म्हणून गोळ्या दिल्या, झोपून राहायला सांगितलं, तर ‘याने गाठ जाते का?’ असं सरळ विचार. उत्तर ‘नाही’ असं आहे. सुई घालून पाणी काढायचा प्रश्नही येत नाही. फॉलिक अ‍ॅसिड आणि तुझ्या डॉक्टरांनी एरवी लिहिलेली औषधं चालू ठेव. शाळेत जा. कळशा मात्र घरातल्या दुसऱ्या कुणी भरल्या तर बरं. त्याचा पाणगाठीशी काही संबंध नाही, पण गरोदरपणात कमरेवर तसाही ताण असतो.

पुढचा महत्त्वाचा टप्पा अ‍ॅनोमली स्कॅनचा, म्हणजे बाळाचा एकेक अवयव बारकाईने बघणाऱ्या सोनोग्राफीचा. सोळाव्या आठवड्यात एकदा डोकावून घेतलंस तरी हरकत नाही, पण 18 आठवडे पूर्ण झाल्यावरचा सविस्तर स्कॅन चुकवायचा नाही. पैसे मोजूनमापून खर्च करायचे असतील, तर मी म्हणेन दोन घाईचे स्कॅन करण्यापेक्षा हा एक चांगल्या ठिकाणी कर. चांगलं ठिकाण म्हणजे चकचकीत पाटी नव्हे, फीटल मेडिसिनचं, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासणी-उपचारांचं शिक्षण किंवा अनुभव असलेले डॉक्टर. सांगली-मिरज किंवा कोल्हापुरात मिळतील. तुझ्या डॉक्टरांकडून नाव घे आणि चिठ्ठीवर ‘12 आठवड्यांना नाळेत सिस्ट’ असं स्पष्ट लिहून घे. चिठ्ठीवर नुसतं ‘अ‍ॅनोमली स्कॅन’ असेल तर बघणाऱ्याची नजर सगळीकडे सारखी फिरते. सिस्टचा उल्लेख असेल तर तो बेंबीपाशी आणि मूत्राशयापाशी जरा जास्त रेंगाळतो. थ्री-डी, फोर-डीची गरज नाही, त्यातून पाणगाठीबद्दल जास्त काही हाती लागत नाही.

त्या स्कॅनमध्ये काय बघतील, ते तुला माहीत असलेलं बरं. हृदयाचे चार कप्पे आणि बाहेर निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. पोटाची भिंत बेंबीपाशी पूर्ण मिटलीये का. दोन्ही मूत्रपिंडं आणि मूत्राशय. मेंदू, कणा, ओठ. हाताच्या मुठी उघडतात का, की बोटं एकमेकांवर चढवून घट्ट मिटलेल्या राहतात; एडवर्ड्समध्ये तशा दिसतात. पावलं. बाळाची वाढ तारखेप्रमाणे आहे का. मिस्टरांना बरोबर ने, आत बसू देत असतील तर बसव. रात्री वाचलेलं सगळं त्यांना एका कागदावर लिहून आणू दे आणि दिवसाउजेडी डॉक्टरांना विचारू दे.

आता रक्ताच्या तपासण्या. डबल मार्कर झाली का, हे तू लिहिलेलं नाहीस. ती 13 आठवडे 6 दिवसांपर्यंतच होते. आईचं वय, एनटी आणि रक्तातले दोन घटक मिळून त्यातून धोका काढतात. झाली असेल आणि ‘लो रिस्क’ आली असेल, तर उत्तम. हे उत्तर तुझ्यापर्यंत येईपर्यंत ती वेळ टळली असेल, तर 15 ते 20 आठवड्यांमध्ये क्वाड्रुपल मार्कर ही तशीच रक्ताची तपासणी करता येते. ती एनआयपीटीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

एनआयपीटी चांगली तपासणी आहे, पण तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते समजून घे. आईच्या रक्तात वारेकडून आलेले डीएनएचे तुकडे असतात. त्यांवरून 21, 18 आणि 13 या गुणसूत्रांचा अंदाज बांधतात. अंदाज फार चांगला असतो, तरी तो अंदाजच. ‘हाय रिस्क’ आली तर गर्भजल तपासूनच खात्री करावी लागते. आणि बाळाचं हृदय, पोटाची भिंत, मूत्राशय यांबद्दल ती अवाक्षर बोलत नाही. खर्च 10,000 रुपयांच्या पुढे. तुझं वय 26, एनटी चांगली, पाणगाठ एकच. मार्करही ‘लो रिस्क’ असेल तर मी तुला एनआयपीटीसाठी कर्ज काढायला सांगणार नाही. हाताशी पैसे आहेत आणि ती केल्याशिवाय झोपच येणार नाही, तर कर. मात्र तिच्या भरवशावर अ‍ॅनोमली स्कॅन सोडू नकोस. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर स्कॅन निवड.

उलट, अठराव्या आठवड्यात दुसरं काही सापडलं, तर एनआयपीटीत वेळ घालवायचा नाही. तेव्हा सरळ गर्भजलाची तपासणी. पोटातून सुई घालून थोडं गर्भजल काढतात आणि त्यातल्या पेशींवरून गुणसूत्रं प्रत्यक्ष बघतात. तिला बायका फार भितात. त्यामुळे गर्भपात व्हायचा धोका अनुभवी हातात साधारण 200 ते 1,000 तपासण्यांमागे एखादा, इतका असतो. शून्य नाही, म्हणून ती कारण असेल तरच करायची. आज तुझ्याकडे ते कारण नाही.

एक गोष्ट सांगून ठेवते, कारण एनआयपीटीचा विषय निघाला की कुणी ना कुणी कानाशी लागतं. यातून मुलगा की मुलगी ते सांगणं आपल्याकडे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, स्कॅनला जसा आहे तसाच. सांगतो म्हणणाऱ्या जागेत पाऊल ठेवू नकोस. जो तिथे कायदा मोडतो, तो तुझ्या रिपोर्टमध्येही काय करेल सांगता येत नाही.

समजा अठराव्या आठवड्यात पाणगाठ नाहीशी झालेली असली. बहुधा तसंच होईल आणि घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतील. टाका. पण आताची फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेव, बाळंतपणाच्या फाईलमध्ये वरच लाव. मूत्राशयाकडून बेंबीकडे गेलेल्या नळीबद्दल वर सांगितलं ना, ती क्वचित बंद व्हायची राहते. मग बाळाची लघवी थोडी थोडी नाळेत शिरते आणि बेंबीजवळ पाणगाठ होते. नीट बघणाऱ्याला बाळाचं मूत्राशय आणि नाळेतली पाणगाठ मध्ये बारीक वाटेने जोडलेली दिसतात, आडव्या पडलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. पुढे ती पाणगाठ लहान होते, कधी फुटून गर्भजलात मिसळते आणि शेवटच्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये दिसतही नाही. नळी मात्र उघडीच असते. बाळ जन्मल्यावर बेंबी ओली राहते, नाळ जाडजूड दिसते, नाळ पडून गेली तरी बेंबीतून पाणी झिरपतं. घरात ‘बेंबी पिकली’ म्हणून हळद, तेल चालू होतं. खरं तर ते पाणी म्हणजे लघवी असते आणि बाळाला लहान मुलांच्या सर्जनकडे न्यायला हवं असतं. शस्त्रक्रियेने ती वाट बंद करतात आणि दुसरा दोष नसेल तर बाळं छान राहतात. फक्त वेळेवर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. म्हणून अठराव्या आठवड्याच्या स्कॅनला हा एक प्रश्न मुद्दाम विचार : ‘पाणगाठ आणि मूत्राशय यांच्यात काही वाट दिसतेय का?’

आणि पाणगाठ गेलीच नाही तर? बाकी सगळं ठीक असेल, गुणसूत्रांची शंका मिटलेली असेल, तर बाळाची वाढ आणि नाळेतला रक्तप्रवाह बघायला साधारण 28, 32 आणि 36 आठवड्यांच्या आसपास स्कॅन होतील. पाणगाठ फार मोठी झाली तर रक्तवाहिन्यांवर दाब येऊ शकतो. हे क्वचित होतं, पण म्हणूनच लक्ष ठेवायचं. सातव्या महिन्यापासून बाळाची हालचाल रोज ध्यानात ठेव. कमी वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. हा नियम पाणगाठ नसलेल्या बाईलाही लागू आहे. नुसत्या पाणगाठीसाठी सिझेरियन लागत नाही. कुणी आत्तापासूनच ‘तुमचं सिझरच’ म्हणत असेल तर कारण विचार.

बाळंतपणाच्या वेळी नर्स आणि डॉक्टर दोघांनाही आठवण करून द्यायची आहे : नाळेला चिमटा लावताना बाळाच्या पोटापासून लांब लावा आणि पाणगाठ असलीच तर तिच्याही पलीकडे. बेंबीजवळ आतड्याचा किंवा मूत्रमार्गाचा एखादा धागा नाळेत आला असेल, तर तो चिमट्यात सापडू नये म्हणून. कळा सुरू असताना तुला हे आठवायचं नाही, तेव्हा ही जबाबदारी मिस्टरांची. आणि बालरोगतज्ज्ञांना तो जुना रिपोर्ट दाखवा. घरी आल्यावर बेंबी कोरडी ठेवायची, तिच्यावर काहीही लावायचं नाही. नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडते. त्यानंतर बेंबी ओली राहिली, लाल झाली, वास आला, तर डॉक्टर.

खर्चाचं आणखी एक. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. 2016 पासून चालू आहे. तिथे नाव नोंदव, नेहमीच्या तपासण्या तिथे करून घे आणि वाचलेले पैसे त्या एका चांगल्या स्कॅनला लाव. मास्तरीणबाईंना हे सांगायला नको, पण मध्यमवर्गी घरांत सरकारी दवाखान्याचा संकोच असतो, म्हणून लिहिलं.

राहिली चोरओटी. भरा की! चोरओटी तशीही चार घरच्या बायकांतली असते, गाजावाजा नसतो. पाणगाठीसाठी ती थांबवायचं कारण मला तरी दिसत नाही. सासूबाईंशी ग्रहणावरून वाद घालत बसू नकोस. त्यांना काळजी वाटतेय आणि त्यांच्याकडे काळजी बोलून दाखवायला हेच शब्द आहेत. त्यांना अठराव्या आठवड्याच्या स्कॅनला बरोबर घेऊन जा. पडद्यावर नातवंडाची हालचाल बघितली की घरातलं बोलणं भाजी सोडून दुसरीकडे वळतं, हा माझा अनुभव आहे. चुलत दिरांना नेऊ नकोस.

मधल्या काळात रक्तस्राव झाला, पाणी गेल्यासारखं वाटलं, ताप आला किंवा पोटात कळा आल्या, तर स्कॅनच्या तारखेची वाट बघायची नाही. नाळेतल्या पाणगाठीने यातलं काही होत नाही, त्यामुळे ‘गाठीमुळे असेल’ म्हणून घरी थांबू नकोस.

18 आठवडे कधी पूर्ण होतात ते आजच मोजून कॅलेंडरवर खूण कर आणि लगोलग फोन करून नंबर लाव. चांगल्या ठिकाणी दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही. रिपोर्ट हातात आला की मला त्याची ओळन् ओळ लिहून पाठव, रक्तवाहिन्यांची संख्या धरून.